शिरपूर परिसरातील भटकंती : तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे सोडून उत्तरेकडे निघाले की सोनगीरचा किल्ला आणि नरडाणा मागे पडते आणि सावळदे येथे तापीचे विस्तीर्ण पात्र सामोरे येते. पूल ओलांडला की शिरपूर. बहुतेक प्रवाशांच्या लेखी हे गाव म्हणजे इंदूरच्या वाटेवरील चहाचा थांबा. शेवभाजी खाऊन, टायरमधील हवा तपासून मंडळी सेंधव्याकडे निघून जातात. मात्र या गावाच्या दक्षिणेस अवघ्या काही किलोमीटरवर तापी आहे, गावातून अरुणावती वाहते आणि उत्तरेकडे मान वळवली की सातपुड्याची निळसर रांग दिसते. नदी, गाळाची सपाट काळी जमीन आणि पर्वत या तीन गोष्टी एकाच तालुक्यात इतक्या जवळ असणे खानदेशातही दुर्मीळच. ज्याला एक-दोन दिवस मोकळ्या हवेत घालवायचे आहेत, त्याच्यासाठी या परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त महाबळेश्वर-माथेरानच्या सवयी घरी ठेवून यावे. येथे ठिकठिकाणी फलक नाहीत, आखीव पदभ्रमण मार्ग नाहीत आणि 'पॉइंट' तर नाहीतच.

ऋतूचा विचार प्रथम करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो आणि सकाळी दहानंतर उघड्यावर फिरणे हा शहाणपणा ठरत नाही. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सातपुडा हिरवा असतो, नाले वाहते असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भटकंतीसाठी सर्वांत सुखाचा काळ. मात्र प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर फेब्रुवारीची अखेर आणि मार्चचा पहिला पंधरवडा हीच या प्रदेशाची खरी वेळ आहे. पानगळ झालेल्या रानात पळस पेटलेला असतो, मोहाची फुले गळू लागलेली असतात आणि होळीच्या आधीचे आठवडी बाजार भरात असतात. ऊन असते, पण सकाळ-संध्याकाळ सोसवते.

थाळनेर : खानदेशची पहिली राजधानी

शिरपूरहून पंधरा-वीस किलोमीटरवर, तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर वसले आहे. आज ते एक मोठे खेडे आहे. सहाशे वर्षांपूर्वी ते एका राज्याची राजधानी होते. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३७० मध्ये मलिक राजा या सरदारास थाळनेर आणि करवंद हा मुलूख जहागीर म्हणून दिला. याच मलिक राजाने पुढे स्वतंत्रपणे राज्य करण्यास सुरुवात केली आणि फारुकी घराण्याचा पाया घातला. खानदेश हे प्रदेशनाम फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून रूढ झाले, असे मानणारा मोठा पक्ष आहे. मलिक राजाचा मृत्यू १३९९ मध्ये झाला. त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले आणि सत्तेचे केंद्र हळूहळू पूर्वेकडे सरकले. तरीही घराण्यातील आरंभीच्या राजांना चिरविश्रांती मिळाली ती थाळनेरलाच.

या राजांच्या घुमटाकार कबरी गावालगत आहेत. स्थानिक लोक त्यांना 'हजिरे' म्हणतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत त्यांचा समावेश आहे. बऱ्हाणपूरच्या इमारतींसारखा त्यांचा बोलबाला नाही. आकारानेही त्या मोठ्या नाहीत. पण त्यांतील अष्टकोनी कबरीवरील दगडी कोरीवकाम पाहण्यासाठी एवढा प्रवास करणे मुळीच वाया जात नाही. सकाळी उन्हे तिरपी असताना गेल्यास नक्षीची खोली नीट कळते. भर दुपारी तीच भिंत सपाट वाटते. शिलालेखांवर खडूने घासून अक्षरे 'उठवण्याचा' उद्योग काही हौशी मंडळी करतात. तो कृपया करू नये.

किल्ल्याचे मात्र फार थोडे उरले आहे. एका बाजूस तापीची दरड आणि इतर बाजूंस उंच तटबंदी अशी त्याची रचना होती. पात्राच्या बाजूने पाहिले म्हणजे हा किल्ला नेमका येथेच का बांधला, हे नकाशाविना समजते. उत्तर हिंदुस्थानातून सेंधव्याच्या घाटाने उतरणाऱ्या वाटेवर आणि तापीच्या उतारावर एकाच वेळी नजर ठेवता येईल अशी ही जागा आहे. नदीचे पुराचे पाणी, पावसाळ्यात खचणारी गाळाची दरड आणि माणसांनी वाहून नेलेल्या विटा-माती यांनी मिळून तटाची वाताहत केली. शेवटचा घाव इतिहासाने घातला.

महिदपूरच्या लढाईत पराभूत झाल्यावर होळकरांनी जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह केला आणि त्यानुसार खानदेशातील मुलूख इंग्रजांच्या हवाली करण्याचे ठरले. थाळनेरचे किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला देण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेने किल्ल्यावर तोफा डागल्या. दरवाजांमागून दरवाजे ओलांडून इंग्रज आत शिरले. शेवटच्या दरवाजापाशी शरणागतीची बोलणी चालू असताना, परस्परांची भाषा न कळल्याने म्हणा वा अविश्वासाने म्हणा, हत्यारे चालली आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतील सुमारे तीनशे अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. तहाची बातमी किल्लेदारास मिळाली होती की नाही, शरण येणाऱ्यास फाशी देणे युद्धनीतीस धरून होते काय, हे प्रश्न तेव्हा थेट इंग्लंडच्या संसदेत विचारले गेले. हिस्लॉपच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा या प्रकरणावरून तेथे बरीच वादावादी झाली. आज त्या जागी उभे राहिले तर शेळ्या चरताना दिसतात. घटनेची माहिती देणारा एखादा ठळक फलक तेथे असायला हवा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आणखी एका कारणाने थाळनेरचे नाव मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे. लता मंगेशकर आणि त्यांच्या भावंडांचे हे आजोळ. मास्टर दीनानाथांच्या पत्नी शेवंती ऊर्फ माई या थाळनेरच्या लाड घराण्यातील.

तापी : पाहावी, पण पोहू नये

मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी पश्चिमवाहिनी आहे. सातपुड्याच्या दक्षिणेस भूकवचात पडलेल्या खचदरीतून ती वाहते. शिरपूर परिसरात तिचे काठ उंच, मातीचे आणि तुटक आहेत. सुलवाडे येथील बॅरेजमुळे पात्रात वर्षाचा बराच काळ पाणी साठून राहते. पूर्वी उन्हाळ्यात उघडे पडणारे वाळूचे पट्टे आणि त्यांवरील टरबूज-खरबुजांच्या वाड्या आता सर्वत्र दिसत नाहीत. त्याऐवजी हिवाळ्यात शांत पाण्यावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. दुर्बीण असलेल्यांनी सूर्योदयाच्या सुमारास काठावर यावे आणि बसण्यासाठी उंच जागा निवडावी.

पलीकडच्या तीरावर, शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे पांझरा नदी तापीला मिळते. संगमावर कपिलेश्वर महादेवाचे जुने मंदिर आहे. धुळ्याच्या मध्यातून वाहणारी आणि शहरात फारशी देखणी न वाटणारी पांझरा येथे येऊन मोठ्या नदीत विसावते. धुळेकरांनी आपल्या नदीचा हा शेवट एकदा अवश्य पाहावा. महाशिवरात्रीला गर्दी असते. एरवी संगमावर बहुधा आपण आणि एखाददुसरा मासेमारी करणारा, एवढेच.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. तापी वरून संथ दिसते. तिचा तळ गाळाचा आहे, काठ एकदम खोल जातात आणि वाळूउपशाने पडलेले डोह पाण्याखाली दिसत नाहीत. त्यात भर म्हणजे, येथे पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. मध्य प्रदेशात वा विदर्भात पाऊस झाला की ते उघडले जातात आणि काही तासांतच खालच्या गावांना नदी फुगलेली दिसते. त्यामुळे पावसाळ्यात पात्रात उतरणे, मोटारी वाळूत नेणे, मुलांना काठावर एकटे सोडणे हे सर्व टाळावे. धरणातून विसर्ग सुरू असल्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत येत असतात. निघण्यापूर्वी त्या पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

नाल्यांचे तलाव : शिरपूर पॅटर्न

या परिसरात फिरताना शेतांमधून जाणारे रुंद, खोल आणि पाण्याने भरलेले नाले नवख्या माणसास चकित करतात. हे निसर्गाचे काम नव्हे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळाने २००४ पासून तालुक्यात जलसंधारणाचे जे काम उभे केले, ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजले. कल्पना साधी होती. तापीखोऱ्यातील गाळाच्या जमिनीत वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी मुरू देत नाही. त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी वाहून जाते आणि विहिरी कोरड्याच राहतात. हा थर ओलांडेपर्यंत नाले खोदावेत, रुंद करावेत आणि त्यांवर ठिकठिकाणी दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे घालावेत. म्हणजे पाणी थांबेल आणि खालच्या वाळू-गोट्यांच्या थरांत उतरेल. कोरड्या विहिरींत पुराचे पाणी सोडून भूजल भरण्याचे प्रयोगही येथे झाले. कोरडवाहू शेतीत बागायत आली, टँकर थांबले असे येथील शेतकरी सांगतात. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक भूप्रदेशात असे खोल खोदकाम हितावह नाही, कठीण कातळाच्या भागात त्याने भूजलधर खुले पडून उलट हानी होते, असा आक्षेप काही भूजलतज्ज्ञांनी घेतला. तो आक्षेप डावलण्यासारखा नाही. शिरपूरचा गाळ आणि देशावरचा बेसाल्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कामाचे अनुकरण करणाऱ्यांनी तो पाहिलाच पाहिजे.

पर्यटकाच्या दृष्टीने हे बंधारे म्हणजे सायंकाळच्या फेरफटक्याची उत्तम जागा. पाण्यावर खंड्या, बगळे, पाणकावळे हमखास दिसतात. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनी तर हे काम मुद्दाम पाहावे. भूगोलाच्या पुस्तकातील 'पुनर्भरण' हा शब्द येथे डोळ्यांनी दिसतो. मात्र हे नाले काही ठिकाणी तीस-चाळीस फूट खोल आहेत. त्यांच्या कडा उभ्या, मातीच्या आणि ओल्या असताना निसरड्या असतात. पायऱ्या नाहीत, पकडायला झुडूपही नाही. पोहता येणारा माणूसही अशा ठिकाणी बाहेर येऊ शकत नाही. पाणी आले ही आनंदाची बाब. त्या पाण्याभोवती कठडे, उतरण्याच्या जागा आणि धोक्याचे फलक येणे हे अद्याप राहिलेले काम आहे.

शिरपूरच्या उत्तरेस अरुणावतीवर करवंद येथे धरण आहे. फारुकींच्या जहागिरीत थाळनेरच्या जोडीने ज्याचे नाव येते तेच हे करवंद. दूरच्या प्रवासाची उमेद नसलेल्या शिरपूरकरांची सुटीची संध्याकाळ येथे जाते. पाऊस चांगला झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरात येथील दृश्य रम्य असते. मे महिन्यात जाऊन निराश होऊ नये.

अनेर अभयारण्य

तालुक्याच्या पूर्व सीमेवरून सातपुड्यात उगम पावलेली अनेर नदी उतरते आणि तापीला मिळते. पलीकडे जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका सुरू होतो. या नदीवरील धरणाच्या परिसरातील वनक्षेत्र १९८६ मध्ये 'अनेर धरण अभयारण्य' म्हणून घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर. त्याच्याही पूर्वेस यावल अभयारण्य आहे. ते १९६९ मधील असून त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. नकाशावर पाहिले तर सातपुड्याची ही वने मेळघाटाच्या दिशेने जाणाऱ्या हिरव्या साखळीतील पश्चिमेकडच्या कड्या आहेत. अनेरचे महत्त्व आहे ते यामुळे. कडी लहान असली तरी ती तुटली की साखळी तुटते.

वाघ पाहण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नये. हे शुष्क पानझडीचे रान आहे आणि वृक्षतोड, चराई, अतिक्रमण यांचे ओरखडे त्यावर स्पष्ट दिसतात. साग, सालई, धावडा, खैर, तेंदू, मोह, चारोळी, पळस ही येथील झाडे. खानदेशचा खास वृक्ष म्हणजे अंजन. जोडपानांचा, हलक्या फांद्यांचा हा वृक्ष उथळ, मुरमाड जमिनीतही तग धरतो आणि त्याचे लाकूड लोखंडासारखे जड असते. अंजनाला कोवळी तांबूस पालवी फुटते तेव्हा सारा उतार उजळून निघतो. प्राण्यांत तरस, कोल्हा, ससा, रानडुक्कर यांचा वावर असतो. दिसतात त्या बहुतांशी त्यांच्या पाऊलखुणा. पक्षी मात्र निराश करीत नाहीत. मोर तर आहेतच, शिवाय धरणाच्या पाण्यामुळे रानपक्षी आणि पाणपक्षी असे दोन्ही एकाच सकाळी पाहता येतात.

अभयारण्यात जाण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार तर दूरच, आग पेटवणे, शस्त्र बाळगणे, प्राण्यांना त्रास देणे हाही गुन्हा आहे. मार्च ते मे या काळात गवत वाळलेले असते. सिगारेटचे एक थोटूक किंवा तीन दगडांची चूल संपूर्ण उतार जाळून टाकू शकते. पार्टीसाठी जागा शोधणाऱ्यांनी महामार्गावरील ढाब्यांवरच थांबलेले बरे.

रानपिंगळ्याचा शोध

सातपुड्याच्या या पट्ट्याची एक कहाणी जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. खानदेशातील किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. १८७२ मध्ये मध्य भारतात एक छोटे घुबड मिळाले. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम याने (काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे तेच हे ह्यूम) त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच रानपिंगळा. त्यानंतर जे थोडे नमुने मिळाले त्यांतील अनेक जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूस गोळा केलेले होते. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. सलीम अलींसारख्यांनी शोध घेतला, तरी तो गवसला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये आपल्याला एक नमुना मिळाल्याचा दावा केला होता. अनेक दशकांनी अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भुसा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोट्या नोंदी बाजूला पडल्यावर शोध कोठे घ्यावा हे नेमके ठरले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात रानपिंगळा भर दिवसा फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील काही वने आणि २०१४ मध्ये मुंबईनजीकचे तानसा येथेही त्याची नोंद झाली. हा पक्षी विरळ सागवानी रानात राहतो आणि इतर घुबडांप्रमाणे केवळ रात्री नव्हे, तर दिवसाही वावरतो. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणजे जुनी झाडे तोडली की त्याचे घर गेले. पायथ्याची सपाट रानेच प्रथम शेतीखाली जातात आणि नेमकी तीच त्याला प्रिय आहेत. अंधश्रद्धेपायी घुबडांची होणारी शिकार हा आणखी एक धोका. छायाचित्रणासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास जवळ बोलावण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. विणीच्या काळात ती त्याच्यासाठी घातक ठरते.

पळासनेर, बिजासन आणि बोराडीचा बाजार

शिरपूरहून उत्तरेकडे महामार्गाने निघाल्यावर पळासनेर हे महाराष्ट्राच्या हद्दीतील अखेरचे मोठे गाव. पुढे बिजासन घाट आणि घाटातच, मध्य प्रदेशच्या हद्दीत, बिजासनी मातेचे मंदिर आहे. खानदेशातील अनेक घराण्यांचे हे श्रद्धास्थान. नवरात्रात पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. १८५७ च्या उठावात याच घाटाच्या रखवालीचे काम पाहिलेले भिल्ल नायक खाज्या नाईक यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. एप्रिल १८५८ मधील अंबापाणीची लढाई त्याच संघर्षातील. घाटातील वळणांवरून दिसणाऱ्या टेकड्यांच्या घड्या पाहिल्या की मूठभर माणसांनी एवढ्या मोठ्या सत्तेला झुंजवले कसे, याचा उलगडा होतो.

घाटाचा उतार अवजड वाहनांसाठी कुप्रसिद्ध आहे. जुलै २०२३ मध्ये पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून रस्त्यालगतच्या हॉटेलात शिरला आणि किमान १० जण मृत्युमुखी पडले. दृश्य पाहण्यासाठी वळणावर गाडी थांबवणे, रस्त्याच्या कडेला डबा उघडून बसणे हे प्रकार येथे जिवावर बेतू शकतात. गाडी गावात किंवा मंदिराच्या आवारात लावूनच खाली उतरावे.

महामार्गाच्या पश्चिमेस डोंगराकडे बोराडी आणि त्यापुढे पावरा-भिल्ल समाजाची पाडे आहेत. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातील आठवडी बाजारांना 'भोंगऱ्या' म्हणतात. बोराडी, पळासनेर येथील भोंगऱ्याला डोंगरातून हजारो माणसे उतरतात. होळीच्या पूजेसाठी लागणारे डाळे, गूळ, हार-कंगण यांची खरेदी होते, ढोल आणि पावरी घुमतात, चांदीच्या दागिन्यांनी बाजार लखलखतो. हा विवाह ठरवण्याचा किंवा मुली पळवण्याचा बाजार असल्याचे शहरी लेखणीने वर्षानुवर्षे लिहिले. आदिवासी संघटनांनी त्यास ठामपणे आक्षेप घेतला आहे. हा होळीचा बाजार आहे, इतकेच. पाहुणे म्हणून जावे, परवानगीशिवाय कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. डोंगरातील पायवाटा याच लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटा आहेत. कोणत्याही टेकडीवर जायचे तर पाड्यावरच्या एखाद्या माहीतगाराला योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. वाट चुकत नाही आणि झाडाझुडपांची नावेही कळतात.

पायथ्याच्या रानातील नागेश्वर हे महादेवाचे स्थानही शिरपूरकरांच्या नित्य परिचयाचे. श्रावणी सोमवारी तेथे यात्रेचे स्वरूप येते. शांतता हवी असेल त्यांनी मंगळवारी जावे.

थोडे लांबचे

शिरपूरला मुक्काम ठेवून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाने पूर्वेस वा पश्चिमेस एकेक दिवसाची सहल करता येते. पूर्वेकडे चोपड्यापुढे अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. गोमुखातून अखंड वाहणारे हे पाणी थंडीच्या सकाळी विशेष सुखद वाटते. साबण लावून कपडे धुणाऱ्यांची गर्दी नसेल तर!

पश्चिमेकडे सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार. देशाच्या निरनिराळ्या भागांतून उमदे घोडे येथे येतात. पुढे शहाद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर तोरणमाळ. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवरील हे पठार १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथाचे मंदिर ही तेथील मुख्य ठिकाणे. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यात भव्य असतो, पण त्याच वेळी घाटात दरडी कोसळतात. सकाळी निघून संध्याकाळी परत, असा तोरणमाळचा कार्यक्रम अनेकजण आखतात आणि दिवसभर मोटारीतच बसून राहतात. मुक्कामाची तयारी असेल तरच जावे.

दक्षिणेस धुळ्याच्या पलीकडे महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. त्याच्या परिसरातील कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जुलै १९३७ रोजी येथे वास्तव्य केले होते आणि दरवर्षी त्या दिवशी अनुयायी मोठ्या संख्येने तेथे जमतात. जुलैअखेर कुरण हिरवे होते, किल्ल्याची चढण सोपी वाटते. धुळ्याहून अर्ध्या दिवसात हे होते.

कसे जाल?

शिरपूर धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३, आताच्या क्रमांकानुसार ५२.) धुळे, नाशिक, जळगाव व इंदूर येथून एसटी आणि खासगी बसगाड्या मिळतात. जवळचे रेल्वे स्थानक सुरत-भुसावळ मार्गावरील नरडाणा. धुळे, शिरपूर, सेंधवा असा जाणारा ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर लोहमार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो पूर्ण होईपर्यंत रस्ता हाच पर्याय. थाळनेर, करवंद, बोराडी या ठिकाणी एसटीने जाता येते, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाहकाला आधी विचारून ठेवावी. अनेर व पायथ्याच्या रानासाठी स्वतःचे वाहन लागते. डोंगराकडे मोबाइलची रेंज जाते-येते आणि पेट्रोल शिरपूर सोडण्यापूर्वीच भरावे लागते. पिण्याचे पाणी माणशी किमान तीन लिटर सोबत असावे. जेवणाची चिंता नको. हिवाळ्यात भरीत-पुरी, एरवी कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगावे. नंतर सांगून उपयोग होत नाही.